घुंगरांची गाठ आणि अंगठ्याचं नख: एका लावणी कलावंताच्या नखांचं प्रकरण

"मॅडम, नखं काढायची नाहीत हां. वरनं एक थर द्या, चमकवून द्या. आठ मार्चला शो आहे."

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार सकाळ. हडपसरच्या माझ्या छोट्या नेल स्टुडिओत ताई पहिल्यांदा आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. वय चौतीस. पंधरा-सोळा वर्षं रंगमंचावर लावणी करतात. महिला दिनाला खास बायकांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात त्यांची बैठकीची लावणी होती आणि हातात एकोणीस दिवस होते. उजवा अंगठा त्यांनी मुठीत दडवला होता. मी हात मागितला तेव्हा चार बोटं आधी पुढे आली, अंगठा सगळ्यात शेवटी.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहितेय. नाव नको म्हणाल्या, म्हणून ताईच म्हणते. लांब नखांवर काम करणाऱ्या नव्या मुलींनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. आकार कसा द्यायचा हे आपण सगळ्याच शिकतो. तो हात दिवसभर काय करतो, हे विचारायला मात्र कुणी शिकवत नाही. मलाही ते या प्रकरणातच नीट कळलं.

हात हातात घेतल्यावर

दहाही नखं कॉफिन आकाराची होती, म्हणजे कडेने निमुळती होत जाऊन टोकाला सपाट. गडद लाल रंग, त्यावर सोनेरी वर्ख. लांबून पाहिलं तर देखणी. पाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका पार्लरमध्ये टिपा, म्हणजे प्लॅस्टिकची तयार टोकं, चिकटवून त्यावर ॲक्रिलिक, म्हणजे पावडर आणि द्रव मिसळून केलेला कडक थर, चढवलं होतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे मुळाशी साडेतीन-चार मिलिमीटरचं उघडं नख दिसत होतं. अशा लांब सेटला तिसऱ्या आठवड्यात रीफिल, म्हणजे मुळाशी उघडं पडलेलं नख पुन्हा भरून घेणं, लागतंच. नख वाढतं तसा वरचा सगळा भार पुढे सरकत जातो. पाचव्या आठवड्यापर्यंत तो नको तिथे जाऊन बसतो.

उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, या दोन्हींवरचं ॲक्रिलिक मुळाकडून उचललं होतं. ती फट ताईंनी घरीच, दुकानातला चटकन चिकटणारा गोंद घालून, दोनदा बुजवली होती. अंगठ्यावर त्या फटीच्या खाली तुरीच्या डाळीएवढा हिरवा-काळा डाग होता. मी अंगठ्याच्या टोकाला हलकंच दाबलं, तशा त्या "हं" म्हणून थांबल्या. दुखत नव्हतं, पण टोक हललं की आत काहीतरी सुटल्यासारखं होत होतं.

मी मोजलं. अंगठ्याचा बोटाला धरून असलेला भाग १२ मिलिमीटर, बोटाच्या पुढे आलेला भाग २४. जेवढी मुळं त्याच्या दुप्पट फांदी. एवढ्यानेच नख मोडतं असं नाही, नीट बांधलं तर दुप्पट लांबीही टिकते. पण इथे जाडी चुकीच्या जागी होती. जुन्या वाड्याचा सज्जा आठवा. भिंतीपाशी तो जाड असतो आणि बाहेर येताना पातळ होत जातो. ताईंच्या नखाचं नेमकं उलटं होतं. टोकाला जवळजवळ दोन मिलिमीटरचा थर आणि नख जिथे बोटाला सोडतं तिथे एकापेक्षाही कमी. त्या जागेला आम्ही ताणाची जागा म्हणतो. नखाचा सगळ्यात उंच, जाड भाग, ज्याला अपेक्स म्हणतात, तो या ताणाच्या जागेच्या जरासा मागे यायला हवा. त्यांच्या नखाला अपेक्स नव्हताच. बाजूने पाहिलं तर सपाट फळी.

दुसरी चूक कडांची. कॉफिन निमुळता दिसावा म्हणून कानस थेट कातडीपासूनच आत वळवली होती. नखाच्या दोन्ही कडा बोटाच्या बाहेर पडल्यावर काही अंतर सरळ जायला हव्यात आणि मग आत वळायला हव्यात. तो सरळ भाग म्हणजे नखाचे दोन खांब. ते कापले की टोकावरचा जरासा धक्का सरळ मुळापर्यंत पोचतो. फोटोत असं नख जास्त सडपातळ दिसतं, म्हणून ही चूक फार जणी करतात. मला ती दिसली की वाईट वाटतं, कारण गिऱ्हाईक बिचारी स्वतःलाच दोष देत राहते: "माझीच नखं कमजोर."

ही लांबी त्यांना का हवी होती

कुणी म्हणेल, मग कापून टाकायची. मला तसं वाटत नाही. ताईंनी मला समोर बसून दोन मिनिटं अदा करून दाखवली. मांडी घालून बसल्या बसल्या उजवा हात खांद्यापासून निघाला, मनगटात वळला आणि शेवटी फक्त तर्जनी उरली, कुणाला तरी बोलावणारी. बैठकीच्या लावणीत पाय थांबलेले असतात. सगळं बोलायचं ते डोळ्यांनी, भुवयांनी आणि बोटांनी. "शेवटच्या रांगेतल्या बाईला माझं बोट कुठं संपतं ते दिसायला पाहिजे," त्या म्हणाल्या. नथ, अंबाडा, गजरा तशी ही लाल नखं. ती त्यांच्या साजाचा भाग आहेत आणि मी ती तशीच मानली.

"एवढ्या नखांनी काम कसं करता?" हा प्रश्न त्यांना दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं. मलाही विचारतात, आणि विचारण्यात कौतुकापेक्षा टोमणाच जास्त असतो. अमेरिकन धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये लांब रंगवलेल्या नखांनी धावली आणि २०० मीटर २१.३४ सेकंदांत पळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिने १०० मीटर १०.४९ सेकंदांत पळून दाखवलं होतं. दोन्ही विक्रम अजून तिच्याच नावावर आहेत. धावपटू सुरुवातीला बोटांवर भार देऊन वाकतात, हे लक्षात घेतलं तर त्या नखांची जास्तच कदर वाटते. नर्सताई आल्या तर मात्र मी नको म्हणते. रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत आणि स्वतःची नखंही अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. तिथे प्रश्न रुग्णाच्या जिवाचा असतो.

ताईंनीच मग श्रीधर चिल्लाल यांचा विषय काढला. "आपल्या पुण्यातल्या त्या बाबांनी एवढी वर्षं वाढवली, त्यांची कुठं मोडली?" चिल्लाल यांनी डाव्या हाताची नखं १९५२ पासून कापली नव्हती. ११ जुलै २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये ती कापली, तेव्हा पाचांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली होती. एकट्या अंगठ्याचं नख १९७.८ सेंटिमीटरचं होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की ती नखं सांभाळता सांभाळता त्या हाताची मूठ कायमची आखडली, बोटं उघडेनात. नख कितीही वाढेल, किंमत मोजायची ती हाताने. तुमच्या हाताला अजून नाचायचं आहे.

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "काढ."

"मॅडम, द्या"चं "काढ" झालं, तिथून आमचं जमलं.

काढणं

हा भाग मी सावकाश लिहिते, कारण नखांचं सगळ्यात जास्त नुकसान लावताना होत नाही, काढताना होतं.

आधी कोपऱ्यातली उदबत्ती विझवली. ॲक्रिलिक विरघळवायला लागतं त्या ॲसिटोनची वाफ पेट घेते. दुकानात दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटतं असेल तर बाटली उघडायचीच नाही. पंखा लावला, खिडकी उघडली. लांबी क्लिपरने थोडी थोडी करून आधीच उतरवली, म्हणजे पुढच्या कामात मुळावर ओढ येत नाही. मग शंभर नंबरच्या कानशीने वरचा रंग आणि जाडी घासून कमी केली, पण नखावर पातळ थर उरला तिथे थांबले. नखं घासायचं ड्रिल हातात होतं, तरी त्यांच्या नखांवर ते टेकवलं नाही. आधीच्या वेळी कुणीतरी मुळाशी ड्रिल रुतवलं होतं, तिथे दोन बोटांवर लालसर कंगोरा अजून दिसत होता.

नखांभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन चोळलं, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखापुरताच ठेवला आणि वरून फॉइल गुंडाळली. वीस-पंचवीस मिनिटं. ॲक्रिलिक भिजलं की ओल्या साखरेसारखं भुसभुशीत होतं. मग लाकडी काडीने ते अलगद सरकवायचं. सरकलं नाही तर पुन्हा गुंडाळायचं, खरवडायचं नाही. एक सांगून ठेवते: कडक जेल ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, ते घासूनच कमी करावं लागतं. आधी काय लावलंय हे माहीत नसेल तर विचारा. तेही माहीत नसेल तर एका नखावर करून पाहा. ताईंना ठाऊक नव्हतं, मी करंगळीपासून सुरुवात केली.

आतली नखं पातळ होती, दाबली की ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकत होती. वर पांढरे खरखरीत चट्टे. अंगठ्याचं नख टोकाकडून सहा मिलिमीटरपर्यंत बोटापासून सुटलेलं होतं. हिरवा डाग त्याच भागावर.

हा डाग पाहिला की बहुतेक जणी "बुरशी" म्हणतात. हा हिरवा रंग बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो. फटीत पाणी शिरतं, वरून गोंद घालून आपण झाकण लावतो आणि त्या ओलसर, बंद जागेत तो सुखाने वाढतो. जिवाणू मेला तरी रंग नखात उतरलेला राहतो, नख वाढून कापलं जाईपर्यंत. म्हणूनच डागावर नवा थर चढवायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही विनवो. आणि डाग कशाचा आहे हे ठरवणं माझं काम नाही. मी ताईंना मधुमेह आहे का एवढं विचारलं, नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी सुटलेला भाग कापून काढला, लावायला थेंब दिले आणि अंगठा कोरडा ठेवायला सांगितला. अंगठा सुजला असता, ठणकला असता किंवा पू दिसला असता तर मी दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबले नसते.

सुटलेलं नख पुन्हा चिकटत नाही, हे ताईंना पटायला वेळ लागला. मुळाकडून जे नवं नख येतं तेच बोटाला धरून येतं. सहा मिलिमीटर म्हणजे दोन महिने, हा हिशेब मी त्यांच्या समोर कागदावर मांडला. सगळं पातळ नख जाऊन पूर्ण नवं यायला चार-पाच महिने.

आठ मार्च

मग शोचं काय? मी तीन दिवस त्यावर विचार करत होते. शेवटी असं ठरलं: नऊ बोटांना तयार प्रेस-ऑन नखं लावायची, तीही गोंदाने नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या मऊ जेल टॅबने. कार्यक्रमाच्या तासभर आधी लावायची आणि रात्री कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून काढायची. उजवा अंगठा उघडाच ठेवायचा. त्याला लाल रंगसुद्धा नाही.

प्रेस-ऑन निवडताना एकच गोष्ट महत्त्वाची असते, रुंदी. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बरोबर बसलं पाहिजे. मोठं असेल तर कातडीवर चढतं, लहान असेल तर कोपऱ्यात अडकून ओढ लागते. ताईंच्या नऊ बोटांना सहा वेगवेगळी मापं लागली. दोनांच्या कडा मी घासून बारीक केल्या.

अंगठ्याचा प्रश्न ताईंनी स्वतःच सोडवला. तालमीत त्यांनी उजव्या हातात पदराचा काठ धरला, अंगठा आत घेऊन. "हे असं धरलं की अंगठा पदरातच राहतो, आणि पदर सोडायचा तेव्हा तर्जनीच दिसते." कार्यक्रमाला मी तिसऱ्या रांगेत बसले होते. अंगठा मला माहीत होता म्हणून मी शोधत होते, तरी पूर्ण लावणीत तो दोनदाच दिसला. त्या रात्री साडेअकराला त्यांनी भिजवलेल्या नखांचा फोटो पाठवला. वाटीत नऊ लाल नखं, शेजारी रिकामा हात.

घुंगरं

एप्रिलच्या शेवटी अंगठ्याचं नख टोकापर्यंत बोटाला धरून आलं. आता नवा सेट कसा बांधायचा याचा विचार सुरू झाला. पण मला एक गोष्ट सलत होती. दहाही नखं सारखीच चुकीची बांधलेली असताना उजवा अंगठा आणि उजवी तर्जनीच का उचलली? मी ताईंना म्हटलं, उद्या येताना घुंगरं घेऊन या.

दोन्ही पायांची मिळून साडेचार किलोची, जाड दोरीत ओवलेली. त्या स्टुडिओच्या फरशीवर बसल्या आणि पहिल्या पायाला वेढे देऊ लागल्या. मी शेजारी बसून फक्त त्यांची बोटं बघत होते. प्रत्येक वेढा घट्ट करताना उजव्या तर्जनीचं टोक दोरीखाली जायचं. शेवटची गाठ मारून झाली की उरलेलं टोक आत खोचायला अंगठ्याच्या नखाचा सपाट शेंडा दाबायच्या. जोरात, तीन-चार वेळा. आठवड्यात चार कार्यक्रम, दोन पाय, बांधायला एकदा, सोडायला एकदा. कॉफिनचा सपाट शेंडा ही त्या कामाला अगदी सोयीची पहार झाली होती, आणि पहारीचा दुसरा टोकबिंदू त्यांच्या नखाच्या मुळाशी होता.

नंतर नऊवारीचा कासोटा बघितला. निऱ्या मागे खोचताना पुन्हा तीच दोन बोटं, आणि मागचं दिसत नाही म्हणून आणखी जोर.

हे कुठल्याही कोर्समध्ये नव्हतं. मी विचारलं असतं, "हाताने काय काय करता?" तर ताई म्हणाल्या असत्या, "काही नाही, घरचंच." कारण घुंगरं बांधणं त्यांच्या लेखी काम नाहीच, ती श्वासासारखी गोष्ट आहे. तेव्हापासून लांब सेट मागणाऱ्या प्रत्येकीला मी विचारते, "रोजचं एखादं काम माझ्यासमोर करून दाखव." शिंपीकाम करणारी कात्री कशी धरते, बँकेतली मुलगी नोटा कशा मोजते, आई बाळाचं दुपटं कसं गुंडाळते.

ताईंना मी क्रोशाची जाड, बोथट सुई दिली. दोरीचं टोक त्या सुईने आत ओढून घ्यायचं. कासोटा बोटाच्या पेराने खोचायचा, नखाने नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना ते अजिबात जमेना. "माझ्या गुरूंनी अंगठ्यानेच शिकवलंय गं." मी म्हटलं, त्यांची नखं एवढी लांब होती का? हसून म्हणाल्या, "नव्हती." जूनमध्ये पाऊस लागला, कार्यक्रम कमी झाले, आणि त्या रिकाम्या दिवसांत हाताला नवी सवय लागली.

पावसाळ्यातली बाकीची काळजी साधी होती. नखं छोटी गोल ठेवलेली. भांडी घासताना रबरी हातमोजे. नखात पाणी मुरलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं, आणि दिवसातून दहा वेळा असं झालं की त्याचे पापुद्रे सुटतात. रात्री झोपताना प्रत्येक नखाच्या मुळाशी एक थेंब बदामाचं तेल, चोळून. महाग बाटलीची गरज नाही, रोजचं लावणं हवं. टोकं सारखी करायची तर २४० नंबरच्या मऊ कानशीने, करवतीसारखं ओढायचं नाही.

नवा सेट

१९ ऑगस्टला, गणपतीच्या आठ दिवस आधी, आम्ही बसलो. टिपा न वापरता पेपर फॉर्मवर, म्हणजे नखाखाली बसवलेल्या कागदी साच्यावर, बिल्डर जेल, म्हणजे नख बांधायचं घट्ट जेल. ताईंना आधीचीच लांबी हवी होती. माझा हट्ट वेगळा होता: सगळ्या नखांची लांबी एकच असायला हवी, असं कुणी सांगितलं? मधलं बोट, अनामिका आणि करंगळी घुंगरांच्या वाटेला जात नाहीत, ती बोटाच्या पुढे १६ मिलिमीटर ठेवू. तर्जनी लावणीत सगळ्यात जास्त बोलते, पण दोरीखालीही जाते, ती १४. अंगठा ११. हात पसरला तर बोटांची लांबी मुळातच वेगळी असते, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही.

आकारही बदलला. कॉफिनचे दोन कोपरे दोरीत, केसांत, पदराच्या जरीत अडकायचे. आम्ही बदामी आकार घेतला. कडा बोटाच्या बाहेर तीन-चार मिलिमीटर सरळ, मग हळूहळू आत, आणि टोक गोलसर. शेवटच्या रांगेला सपाट टोक आणि बदामी टोक यांत फरक दिसत नाही. नखाला मात्र तो फार जाणवतो.

फॉर्म बसवताना मी हात माझ्या डोळ्यांच्या पातळीवर आणते आणि बोटाच्या टोकाकडून आत पाहते, बंदुकीच्या नळीतून पाहावं तसं. आडवी कमान दोन्ही कडांना सारखी दिसली पाहिजे. मग हात उलटा करून तळव्याकडून. खालून फॉर्म आणि नख यांत फट दिसली तर पुढचं सगळं काम फुकट. जेल पातळ थरांत. ताईंची नखं अजून नवी आणि पातळ होती, डाव्या अनामिकेला जेल सुकवायच्या दिव्यात चटका बसला आणि त्यांनी हात ओढला. जाड थर दिला की असं होतं, जेल घट्ट होताना गरम होतं. मी थर अर्धा केला, हात दिव्यात आत-बाहेर करत सुकवला.

जेल कातडीला लागू द्यायचं नाही, हे मी प्रत्येक थराला तपासते. न सुकलेल्या जेलमधल्या ॲक्रिलेट रसायनांची कातडीला एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. पुढे दातांच्या सिमेंटपासून शस्त्रक्रियेतल्या हाडांच्या सिमेंटपर्यंत अडचण येऊ शकते. बोटांभोवती खाज, भेगा किंवा पापण्यांवर पुरळ आलं तर सेट काढायचा आणि डॉक्टर गाठायचे.

शेवटी कानस. क्रम माझा ठरलेला आहे: आधी लांबी, मग दोन्ही कडा, मग टोक, आणि पृष्ठभाग सगळ्यात शेवटी. पृष्ठभाग घासताना अपेक्स जपायचा. त्याच्यावरून कानस फिरवण्याचा मोह होतो, कारण सपाट केलं की नख नाजूक दिसतं. ताईंच्या अंगठ्यावर मी तो अपेक्स बोटाने चाचपून पाहिला. डोळे मिटून हात फिरवला तरी छोटा उंचवटा कळत होता आणि तिथून पुढे उतार. रंग तोच गडद लाल, वर्ख काढून टाकला.

१ सप्टेंबरला ताईंनी मला एक फॉरवर्ड पाठवला: युरोपात जेलवर बंदी. बंदी जेलवर नव्हती. टीपीओ नावाच्या एका घटकावर, युरोपीय संघापुरती, त्या दिवसापासून लागू झाली होती. दिव्यात जेल घट्ट व्हायला मदत करणारा तो एक पदार्थ आहे. मी माझ्या सगळ्या बाटल्यांवरची यादी वाचली, दोन बाटल्यांत तो होता, त्या बाजूला ठेवल्या. नियम आपल्यासाठी नसला तरी माझ्या हातून दुसऱ्याच्या हातावर जे जातं ते मला माहीत असायला हवं.

त्यानंतर

९ सप्टेंबरच्या रीफिलला नऊ नखं जशीच्या तशी होती. डाव्या मधल्या बोटाची एक कड मात्र उचलली होती. हा दोष ताईंच्या वापराचा नव्हता. मी तिथे क्युटिकलच्या, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या, कोपऱ्यातली पातळ त्वचा नीट साफ न करताच जेल चढवलं होतं, आणि जेल नखाला न धरता त्या त्वचेला धरून बसलं. फटीत गोंद घालायचा नाही हे त्यांना आता पक्कं माहीत होतं. त्यांनी बाराव्या दिवशीच फोटो पाठवला आणि तेव्हापासून ते बोट कोरडं ठेवलं. उचललेला भाग घासून काढला, खाली डाग नव्हता, पुन्हा बांधलं.

३० सप्टेंबरला, दसऱ्याच्या दोन दिवस आधी, दुसरं रीफिल. उजवा अंगठा मी पुन्हा मोजला. अकरा मिलिमीटर ठेवलेला, वाढून चौदा झालेला, परत अकरावर आणला. मुळाशी फट नाही, दाबलं तर हलत नाही.

रंग सुकत होता तेवढ्यात ताईंनी बटवा उघडून क्रोशाची सुई दाखवली. दोरीच्या घर्षणाने तिचा रंग मधोमध उडाला होता. मग डावा हात उजेडात धरून, बोटं एकेक उघडत म्हणाल्या, "पुढच्या वेळी अनामिका दोन मिलिमीटर वाढव. अंगठ्याचं मी काही म्हणत नाही."

मी वहीत लिहून घेतलं: अनामिका, अठरा.